पार्षद, महापौर, आमदार, खासदार: नियम मोडला तर इंदूरकराने तक्रार कुठे आणि कशी करावी

इंदूर नगर निगमात ८५ वॉर्ड, म्हणजे ८५ पार्षद (नगरसेवक). त्यांच्यावर थेट मतदानाने निवडून आलेला महापौर. जिल्ह्यात ९ आमदार आणि शहराचा एक खासदार. यांच्यापैकी कुणाविरुद्धही केलेली तक्रार वाया जाते ती बहुतेक एकाच कारणाने. अर्जाच्या माथ्यावर मुख्यमंत्री, राज्यपाल, कलेक्टर, निगमायुक्त, लोकायुक्त अशी आठ-दहा नावं असतात. प्रत्येक कार्यालय तो अर्ज ‘आवश्यक कार्यवाही हेतु’ असा शेरा मारून खाली ढकलतं. फिरत फिरत तो ज्या झोन कार्यालयात पोचतो, तिथे त्याच पार्षदाचं रोजचं उठणं-बसणं असतं. अर्जदाराचं नाव आणि मोबाइल नंबर संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पोचतो, कारवाई मात्र कुठेच सुरू होत नाही.

म्हणून एका तक्रारीत एकच आरोप घ्या, त्यासाठी एकच नियम दाखवा आणि ती एकाच अधिकाऱ्याला द्या. दुसरा आरोप असेल तर दुसरा कागद करा.

आधी कोणता नियम मोडला ते ठरवा

पार्षद उद्धट बोलतो, फोन उचलत नाही, निवडून आल्यापासून गल्लीत फिरकला नाही. राग येणं साहजिक आहे, पण यावर कारवाई करणारा अधिकारी कायद्याने नेमलेला नाही. अशी गाऱ्हाणी त्याच्या पक्षाच्या नगर अध्यक्षाकडे न्या, पुढच्या मतदानापर्यंत लक्षात ठेवा, पण खऱ्या तक्रारीत मिसळू नका. लाचेच्या अर्जात ‘आणि हे आमच्याशी नीट बोलतही नाहीत’ हे एक वाक्य आलं की वाचणाऱ्याला सगळा अर्ज वैयक्तिक भांडणाचा वाटू लागतो.

उरलेल्या गोष्टी साधारण चार वाटांनी जातात. पैसे मागणं, धमकी, मारहाण, खोटे कागद हे गुन्हे आहेत, त्यांची वाट पोलीस किंवा लोकायुक्तांकडे जाते. निगमच्या ठेक्यात हिस्सा, पदाचा गैरवापर, निगमच्या हिताला बाधा हा पदावरून काढण्याचा विषय आहे. पार्षदाच्या बाबतीत तो अधिकार संभागायुक्तांचा (विभागीय आयुक्तांचा), महापौराच्या बाबतीत राज्य शासनाचा. निवडणुकीच्या काळातलं वर्तन निर्वाचन आयोग बघतो. आणि सभागृहाच्या आतलं वर्तन त्या सभागृहाच्या अध्यक्षांच्या किंवा सभापतींच्या हातात असतं.

एकच घटना दोन वाटांवर जाऊ शकते. नकाशा मंजूर करून देतो म्हणून पार्षदाने पैसे मागितले तर तो गुन्हाही आहे आणि पद जाण्याचं कारणही. अशा वेळी आधी गुन्ह्याची वाट धरा. दुसरा अर्ज आधी गेला तर समोरचा सावध होतो आणि पुरावा मिळण्याची शक्यता संपते.

पुरावा: जमवायचा कसा, जपायचा कसा

साधी वही घ्या. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं आणि नेमकं काय बोललं गेलं, ते त्याच दिवशी लिहा. बोललेलं हिंदीत असेल तर हिंदीतच, शब्द न बदलता. ‘पैशांची मागणी केली’ यापेक्षा ‘बोले कि पचास लगेंगे, रिमूव्हल वाले मेरे कहे बिना नहीं आएँगे’ अशी नोंद उलटतपासणीत जास्त टिकते (रिमूव्हल वाले म्हणजे निगमचं अतिक्रमण हटाव पथक). मागाहून एका बैठकीत लिहिलेली वही ओळखू येते, शाई सारखी आणि अक्षर सारखं असतं.

मोबाइलवरचं रेकॉर्डिंग किंवा चित्रफीत असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये, न कापता, नाव न बदलता राहू द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली चित्रफीत दाबून लहान होते आणि तिच्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. प्रत काढायची तर केबलने संगणकावर घ्या, एक पेन ड्राइव्ह बनवा आणि फाइलचं हॅश मूल्य काढून कागदावर लिहून ठेवा. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. फाइलमध्ये एक कण बदलला तरी तो आकडा बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘क’ उपकरण ज्याच्या ताब्यात होतं तो भरतो, भाग ‘ख’ तज्ज्ञ भरतो, आणि त्यात हॅश मूल्य लिहावं लागतं. जुन्या कायद्यातल्या ६५-ब प्रमाणपत्राच्या जागी आता हे आहे. फोन विकू नका, रीसेट करू नका. खटला उभा राहायला वर्षं लागतात.

चित्रफीत असली म्हणजे काम झालं असं समजू नका, हे इंदूरने डोळ्यांनी पाहिलं आहे. २६ जून २०१९ रोजी जर्जर इमारत पाडण्याच्या कारवाईत निगमच्या अधिकाऱ्याला क्रिकेटच्या बॅटने मारल्याची चित्रफीत देशभर फिरली. तेव्हाच्या आमदारावर गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये इंदूरच्या विशेष न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं, कारण मारणारा कोण हे आपण पाहिलं नाही असं त्या अधिकाऱ्यानेच साक्षीत सांगितलं. तेव्हा चित्रफितीसोबत शेवटपर्यंत टिकणारे दोन साक्षीदार शोधा. त्यांचं म्हणणं पहिल्याच आठवड्यात त्यांच्या सहीने लिहून घ्या. साक्षीदार असा निवडा की ज्याचं घर, दुकान किंवा नोकरी त्या नेत्याच्या मर्जीवर चालत नाही. ठेलेवाला खरं सांगेल, पण दोन वर्षांनी त्याला त्याच चौकात ठेला लावायचा आहे, याचा विचार त्याच्याआधी तुम्ही करा.

कागदी पुराव्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. मध्यप्रदेशात अर्जाला १० रुपये, पहिल्या अपिलाला ५० आणि दुसऱ्याला १०० रुपये शुल्क आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य सूचना आयोगाकडे दुसरं. एक गोष्ट मराठी घरांत नेहमी चुकते: अर्ज मराठीत करता येत नाही. कायद्याप्रमाणे तो हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा आणि मध्यप्रदेशची राजभाषा हिंदी आहे. अर्जात नेमके शब्द वापरा, कारण कार्यालय त्याच शब्दांनी फाइल शोधतं. ‘रस्त्याच्या कामाची सगळी माहिती’ मागाल तर ‘माहिती व्यापक आहे’ म्हणून परत येईल. असं लिहा: ‘वार्ड क्रमांक … में … मार्ग के सीमेंटीकरण कार्य की निविदा, कार्यादेश, माप पुस्तिका, अंतिम देयक तथा नस्ती की नोटशीट की प्रमाणित प्रति प्रदान करें।’ आणि शेवटी ‘नस्ती का अवलोकन भी करना चाहता हूँ’ ही ओळ जोडा. समोर बसून फाइल चाळताना जे सापडतं ते मागून पाठवलेल्या पानांत सहसा नसतं. नोटशीटवर कोणी, कोणत्या तारखेला, कुणाच्या ‘मौखिक निर्देश’वरून टिपण लिहिलं ते बघा. पार्षदाचा हात तिथेच दिसतो.

मागितलेल्या माहितीत कुणाचं नाव, पत्ता, मालमत्ता असेल तर आता ‘व्यक्तिगत सूचना’ म्हणून नकार येण्याची शक्यता पूर्वीपेक्षा जास्त आहे, कारण डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) अधिक कडक केलं आहे. कलम ८(२) मात्र जागेवर आहे. लोकहित मोठं असेल तर सूट मिळालेली माहितीही देता येते. अपिलात ते कलम नाव घेऊन मांडा, आणि लोकहित कोणतं ते दोन ओळींत सांगा.

ठेका नातलगाच्या फर्मला गेल्याचा संशय असेल तर माहिती अधिकाराआधी मोकळी उपलब्ध कागदपत्रं बघा. राज्याच्या निविदा पोर्टलवर काम कुणाला मिळालं ते दिसतं. जीएसटीच्या पोर्टलवर फर्मच्या क्रमांकावरून तिच्या मालकाचं कायदेशीर नाव निघतं. कंपनी असेल तर संचालक कोण ते कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कळतं. हे सगळं पार्षदाने उमेदवारी अर्जासोबत दिलेल्या शपथपत्राशी ताडून बघा. त्यात स्वतःची, जोडीदाराची आणि आश्रितांची मालमत्ता लिहावी लागते. इथे बहुतेक तक्रारी एका ठिकाणी कोसळतात. ठेकेदार पार्षदाचा मेहुणा आहे एवढ्याने कायदा मोडत नाही. पार्षदाचा त्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा, लाभ आहे हे दाखवावं लागतं. एकच पत्ता, एकच बँक खातं, पार्षदाच्या नावाची गाडी साइटवर, अशी काहीतरी साखळी हवी.

पार्षदाला पदावरून काढण्याची वाट

मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियम १९५६ च्या कलम १९ खाली संभागायुक्त निवडून आलेल्या पार्षदाला काढू शकतात. त्याचं पदावर राहणं लोकांच्या किंवा निगमच्या हिताचं नाही, असं त्यांचं मत झालं पाहिजे, आणि त्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. खासदारांसाठी संसदेत नैतिकता समिती असते तशी समिती पार्षदांच्या वाट्याला आलेली नाही, त्यामुळे नागरिकाच्या हातात खरं हत्यार हेच. निगमायुक्त पार्षदाचे वरिष्ठ नाहीत. त्यांच्याकडे कारवाईची मागणी करणं व्यर्थ आहे, कागद मात्र त्यांच्याकडूनच मिळतील.

कलम १९ चा अर्ज हिंदीत, दोन पानांच्या आत. विषयाची ओळ अशी: ‘वार्ड क्रमांक … के पार्षद के विरुद्ध मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ की धारा १९ के अंतर्गत कार्यवाही बाबत।’ पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, त्या वॉर्डचे मतदार आहात का. मग क्रमांक टाकलेले परिच्छेद, प्रत्येकात एकच घटना, आणि प्रत्येकाशेवटी ‘संलग्नक-१’, ‘संलग्नक-२’. विशेषणं नकोत. ‘भ्रष्ट’, ‘गुंडा’, ‘माफिया’ हे शब्द गाळले तर अर्जाचं वजन वाढतं. त्यांच्या जागी रक्कम आणि तारीख लिहा. शेवटी विनंती स्पष्ट: कारण दाखवा नोटीस काढून सुनावणी घ्यावी आणि पदावरून दूर करावं. सोबत नोटरी केलेलं शपथपत्र जोडा. कायदा प्रत्येक ठिकाणी ते मागतोच असं नाही, पण शपथपत्र असलेला अर्ज निनावी किंवा खोडसाळ म्हणून बाजूला टाकता येत नाही.

तीन प्रती करा. एक मूळ संभागायुक्त कार्यालयाच्या आवक शाखेत, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन तुमच्याकडे, तिसरी कोऱ्या फाइलमध्ये. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर वाद घालू नका. त्याच दिवशी डाकघरातून स्पीड पोस्टने, पोच-पावतीसह पाठवा.

इथे अपेक्षा जमिनीवर ठेवा. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला काढणं सर्वोच्च न्यायालय हलकं मानत नाही. २०१० च्या शारदा कैलाश मित्तल प्रकरणात, जे मध्यप्रदेशातलंच होतं, न्यायालयाने सांगितलं की किरकोळ अनियमिततेवरून अशी कारवाई चालत नाही, कारण गंभीर हवं. म्हणजे तुमच्या पाच मुद्द्यांपैकी दोन गंभीर आणि तीन लहान असतील तर लहान तीन काढून टाका. दुबळा मुद्दा आदेशात शिरला तर अपिलात तोच पुढे करून सगळा आदेश पाडला जातो.

महिला पार्षदांच्या वॉर्डात ‘पार्षद-पती’ कारभार बघतो, बैठकीत बसतो, सही करून घेतो. राज्याच्या नगर निकायांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे हे चित्र कमी नाही. तक्रार लिहिताना दोघांची भूमिका वेगळी मांडा. पतीने काय केलं, आणि पार्षदाने कोणत्या कागदावर सही केली. सगळं पार्षदाच्या नावावर घातलं तर ती सहज म्हणते ‘मला माहीत नव्हतं’, आणि नुसतं पतीच्या नावावर घातलं तर कलम १९ लागूच होत नाही.

लाच मागितली तर

ही एक गोष्ट अशी आहे जिथे तासांचा हिशेब आहे. भ्रष्टाचार निवारण अधिनियम १९८८ मध्ये २०१८ ला बदल झाला. आता लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला सांगितलंत तरच सूट मिळते. आणि आधी यंत्रणेला कळवून, त्यांच्या सांगण्यावरून दिलीत तर गुन्हा होत नाही. म्हणून ‘आधी देऊन टाकू, काम झालं की तक्रार करू’ हा विचार सोडा. पार्षद हा या कायद्याने लोकसेवकच आहे. पार्षद-पती किंवा कार्यकर्ता मध्ये पैसे घेत असेल तर कलम ७-क त्याच्यासाठीच आहे. लोकसेवकावर वजन टाकून काम करून देतो म्हणून पैसे घेणाराही त्यात सापडतो.

मागणी झाल्यावर भांडू नका, होकारही देऊ नका. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणा आणि थेट लोकायुक्तांच्या विशेष पोलीस स्थापनेच्या इंदूर कार्यालयात जा. लेखी तक्रार पुलिस अधीक्षकांच्या नावाने. पुढचा क्रम साधारण असा असतो. तुम्हाला एक लहान रेकॉर्डर देतात आणि त्या माणसाशी पुन्हा बोलायला पाठवतात. हे बोलणं म्हणजे मागणीची पडताळणी. इथे तुम्ही आकडा सुचवायचा नाही, ‘किती’ हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे. मग गुन्हा नोंदवला जातो आणि दोन स्वतंत्र पंच, बहुधा दुसऱ्या खात्यातले सरकारी कर्मचारी, बोलावले जातात. नोटा तुम्ही आणायच्या. त्यांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून घेतात. नोटांवर फिनॉल्फ्थेलीनची पांढरी भुकटी लावतात, जी डोळ्याला जवळपास दिसत नाही. ती भुकटी सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात गेली की पाणी गुलाबी होतं, हे पंचांसमोर आधी करून दाखवतात. नोटा तुमच्या खिशात दुसराच माणूस ठेवतो. त्यानंतर तुम्ही खिशात हात घालायचा नाही, चहा प्यायचा नाही, कुणाशी हस्तांदोलन करायचं नाही. पैसे मागितल्यावरच काढायचे. त्याने घेतले की ठरलेली खूण, डोक्यावरून हात फिरवणं किंवा रुमाल काढणं. पथक येतं, त्याचे हात त्या पाण्यात बुडवतं, आणि गुलाबी झालेलं पाणी बाटल्यांत बंद करून लाखेने सील करतं.

सापळा फसतो तो बहुतेक तीन ठिकाणी. तुम्ही घाबरून, न मागताच नोटा पुढे केल्या तर मागणी सिद्ध होत नाही, आणि गुलाबी पाणी एकटं काही सिद्ध करत नाही. दुसरं, गोष्ट बाहेर फुटते. दुकानातल्या पोऱ्यालाही सांगू नका. तिसरं, त्याने हाताने न घेता ‘टेबल पे रख दो’ किंवा ‘लड़के को दे दो’ म्हटलं. अशा वेळी रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज आणि त्या मुलाचं नाव येईल असं एक वाक्य बोलून घ्या: ‘भैया, इनको दे दूँ न, जो आपने कहा था?’ १५ डिसेंबर २०२२ च्या नीरज दत्ता निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हायलाच हवेत, पण तक्रारदार फिरला किंवा मरण पावला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर ते सिद्ध करता येतं. त्या रेकॉर्डरची किंमत इथे कळते.

जप्त झालेल्या नोटा पुरावा म्हणून अडकतात. त्या परत मिळण्याची काय व्यवस्था आहे हे तक्रार देतानाच विचारून घ्या, कारण रक्कम मोठी असेल तर घरखर्चावर ताण येतो. आणि तुमचं मूळ काम, नामांतरण असो वा नकाशा, अडकून राहू नये म्हणून त्याचा अर्जही वेगळा, नियमाप्रमाणे चालू ठेवा.

निवडणुकीच्या दिवसांत

आदर्श आचारसंहिता स्वतः कायदा नाही, ती पक्षांनी मान्य केलेली शिस्त आहे. पण तिच्यातले बरेच भंग दुसऱ्या कायद्यांनी गुन्हेच असतात. मतदाराला पैसे, दारू, साड्या वाटणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० आणि १७३ खाली येतं. भिंतींवर रंगवलेलं, खांबावर टांगलेलं फ्लेक्स मध्यप्रदेश संपत्ति विरूपण निवारण अधिनियम १९९४ खाली, आणि रात्री दहानंतरचा भोंगा कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ खाली. ही शेवटची दोन्ही निवडणूक नसतानाही लागू असतात, हे फार कमी लोक वापरतात.

लोकसभा-विधानसभेच्या वेळी निर्वाचन आयोगाचं तक्रारीचं सी-व्हिजिल ॲप सर्वात वेगवान आहे. त्यात फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतची चित्रफीत तिथल्या तिथेच काढावी लागते, गॅलरीतली जुनी चालत नाही, आणि काढल्यावर पाच मिनिटांत पाठवावी लागते. जागा ॲप स्वतः टिपतं. १०० मिनिटांत निर्णय अपेक्षित असतो. म्हणून घरी जाऊन पाठवतो म्हणालात तर गेलं. लोकेशन चालू ठेवा, गल्लीचा फलक किंवा दुकानाची पाटी चौकटीत घ्या. निनावी पाठवण्याची सोय आहे, पण मग पुढे काय झालं ते तुम्हाला कळत नाही.

निगमच्या निवडणुकीत हे ॲप चालत नाही. ती राज्य निर्वाचन आयोगाच्या ताब्यात असते आणि तक्रार रिटर्निंग ऑफिसर किंवा जिल्हा निर्वाचन अधिकारी, म्हणजे कलेक्टर, यांच्याकडे द्यायची. इंदूरमधली मागची निवडणूक २०२२ ला झाली, पुढची २०२७ मध्ये अपेक्षित आहे.

निकालानंतर मुदती कठोर असतात. पार्षद-महापौरांच्या निवडीला जिल्हा न्यायालयात निवडणूक याचिकेने आव्हान द्यायचं तर ३० दिवस, आमदार-खासदारांच्या निवडीला उच्च न्यायालयात ४५ दिवस. एक दिवस उलटला तरी दार बंद. आमदार-खासदारांना निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तो कलेक्टर कार्यालयात बघायला मिळतो. मंडप, गाड्या, जेवणावळी यांचे तुम्ही काढलेले तारखेसह फोटो त्या हिशेबाशी ताडून बघा.

आमदार आणि खासदार

आमदाराच्या बाबतीत वाट भोपाळला जाते. लाभाचं पद (शासनाकडून आर्थिक लाभ देणारं दुसरं पद) घेतलं असेल तर घटनेच्या कलम १९२ प्रमाणे राज्यपालांकडे अर्ज. ते निर्वाचन आयोगाचं मत घेऊन निर्णय देतात. पक्षांतराचा निर्णय विधानसभा अध्यक्ष घेतात. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालापासून सदस्यत्व शिक्षेच्या दिवशीच जातं, आणि शिक्षा भोगून झाल्यावर आणखी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. तेव्हा आमदारावर चालू खटला असेल तर नव्या तक्रारीपेक्षा त्या खटल्यात साक्षीदार वेळेवर हजर राहतील हे बघणं जास्त उपयोगी.

खासदारासाठी लोकसभेच्या नियम २३३-अ प्रमाणे कोणीही लोकसभा अध्यक्षांना लिहू शकतो, पण सामान्य नागरिकाची तक्रार कोणत्या तरी खासदारामार्फत जावी लागते आणि सोबत शपथपत्र लागतं. भाषा संयत हवी. नुसत्या वर्तमानपत्री बातमीवर उभी असलेली किंवा न्यायप्रविष्ट विषयाची तक्रार घेतली जात नाही. राज्यसभेत नियम २९५ प्रमाणे नागरिक थेट समितीकडे लिहू शकतो. लाचेचा आरोप असेल तर लोकपाल. घटनेपासून सात वर्षांच्या आत, ठरलेल्या नमुन्यात, शपथपत्रासह. तिथे जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. सभागृहात मत किंवा भाषण देण्यासाठी पैसे घेतले तर पूर्वी विशेषाधिकाराची ढाल मिळायची. ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या सीता सोरेन निकालाने ती गेली.

तक्रार दिल्यानंतर

पहिल्या महिन्यात फोन येतात. १८१ वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार केली असेल तर ‘समाधान झालं, बंद करू का’ असं विचारणारा फोन येईलच. काम झालं नसेल तर ‘मी समाधानी नाही’ एवढंच म्हणा, म्हणजे ती वरच्या टप्प्यावर, एल-२, एल-३ कडे सरकते. दमून एकदा ‘हो’ म्हणालात की सगळं पहिल्यापासून. १८१ आणि मंगळवारची कलेक्टर कार्यालयातली जनसुनवाई रस्ता, पाणी, नाली यांसाठी उत्तम आहेत. नेत्याच्या वर्तनासाठी त्यांचा उपयोग एवढाच की कागदावर तारीख पडते.

तक्रारीचा फोटो वॉर्डच्या ग्रुपवर टाकू नका. योग्य अधिकाऱ्याकडे चांगल्या हेतूने केलेली तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या आठव्या अपवादात सुरक्षित आहे. तोच मजकूर फेसबुकवर गेला की ते संरक्षण राहत नाही, आणि मानहानीच्या खटल्याच्या तारखांना तुम्हीच चकरा मारत बसता. खोटी माहिती देणं कलम २१७ खाली आणि खोटा गुन्हा लादणं कलम २४८ खाली येतं, म्हणून ऐकीव गोष्ट लिहायचीच असेल तर ‘मला अमुक व्यक्तीने सांगितलं’ असं लिहा.

धमकी आली तर ती वेगळी घटना समजा. त्याच दिवशी ठाण्यात लेखी द्या. नोंद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस उपायुक्तांना डाकेने पाठवा, आणि तरीही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. सही एकट्याची नको. चाळीतले, सोसायटीतले, मंडळातले दहा-बारा जण एकत्र सही करतील तर कुणा एकाच्या दारावर उभं राहणं अवघड होतं. पहिली सही अशा माणसाची असावी ज्याचं निगमात कुठलंही काम अडकलेलं नाही.

साठ दिवसांत हालचाल दिसली नाही तर एक स्मरणपत्र द्या आणि माहिती अधिकारात विचारा: ‘मेरे आवेदन, आवक क्रमांक …, दिनांक … पर की गई दैनिक कार्यवाही का विवरण तथा संबंधित नोटशीट की प्रति।’ या एका अर्जाने कपाटातली फाइल टेबलावर येते, कारण नोटशीट कोरी असेल तर तशीच प्रत द्यावी लागते. तीही हातात आल्यावर, आवक पावती, स्मरणपत्र आणि कोरी नोटशीट असे तीन कागद घेऊन उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते. तिथे ‘पार्षदाला काढा’ असं मागू नका. ‘संभागायुक्तांनी माझ्या अर्जावर ठरावीक मुदतीत निर्णय घ्यावा’ एवढंच मागा. असा आदेश मिळणं सोपं असतं, आणि मुदत घातलेली फाइल झोन कार्यालयात उतरत नाही.